वाकडी खिडकी, सरळ पडदा

टांगलेला पडदा गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ खाली उतरतो. खिडकीचे तसे नसते. पालघर जिल्ह्याच्या बोईसर-तारापूर पट्ट्यातली घरेच पाहा. तारापूर अणुऊर्जा केंद्रातून 28 ऑक्टोबर 1969 रोजी व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली, औद्योगिक वसाहत वाढली आणि माणसांची वर्दळही वाढली. लागेल तशी एकेक खोली वाढवत नेलेल्या घरात प्रत्येक खोलीचा गवंडी वेगळा आणि खिडकीचे मापही वेगळे. अशा खिडकीला दुकानातला तयार पडदा बसत नाही. गवंड्याच्या भाषेत बोलायचे, तर खिडकी ‘गुण्यात’ नसते, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नसतात.

रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी माप धरा, हा सल्ला सगळेच देतात. तो पुरेसा नाही. समजा, खिडकी 90 सेंटीमीटर रुंद आणि 120 सेंटीमीटर उंच आहे. ती गुण्यात असेल, तर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही कर्ण बरोबर 150 सेंटीमीटर भरतात. आता एक कर्ण 151 आणि दुसरा 149 भरला, तर? तिन्ही ठिकाणी रुंदी 90च असेल, पण वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे पावणेदोन सेंटीमीटर बाजूला सरकलेली असेल. पडदा सरळच लोंबणार, त्यामुळे चौकटीच्या आत त्याला जेमतेम 88 सेंटीमीटर जागा मिळेल. 90चा पडदा आणला, तर तो एका बाजूला घासेल आणि गुंडाळताना अडकेल. कर्णांतला फरक दोनच सेंटीमीटरचा, तरी तेवढ्याने पडदा वाया जातो. म्हणून दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय पडदा विकत घेऊ नये, आणि वाकड्या खिडकीला तो चौकटीच्या आत न बसवता भिंतीवर, दोन्ही बाजूंना पाच ते आठ सेंटीमीटर जास्त ठेवून टांगावा. तिरकी फट मागे झाकली जाते.

एक गोष्ट मात्र पडद्याआधी पाहायची. याच जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि अनेक घरांच्या भिंतींना तडे गेले. भिंतीवरचा ताण खिडकीच्या कोपऱ्यांत एकवटतो, त्यामुळे तडा बहुधा तिथूनच तिरका निघतो. असा तडा दिसला, तर ड्रिल बाजूला ठेवा आणि आधी जाणकार माणसाला भिंत दाखवा.

वेड्यावाकड्या मापांसाठी बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा मला सर्वांत योग्य वाटतो. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर टोपल्या आणि सुपे विणणाऱ्या हातांना हा माल परका नाही. 2017 मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडणे आणि नेणे सोपे झाले. चिकाची उंची जास्त झाली, तर उरलेला भाग खाली गुंडाळलेला राहतो. रुंदी मात्र कापावी लागते आणि तिथेच नवशिक्याचा हात चुकतो. कामट्या उभ्या दोऱ्यांनी बांधलेल्या असतात. काप शेवटच्या दोऱ्याच्या बाहेर, निदान दोन-तीन सेंटीमीटर अंतरावर घ्यायचा. पडदा घट्ट गुंडाळून कापायच्या जागी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्यावेत आणि बारीक दातांच्या हॅकसॉने सावकाश कापावे. वेढे नसतील, तर कामट्यांची टोके फाटतात. कापलेल्या कडेला कापडी पट्टी शिवली, की दोरा उसवत नाही.

पडदा काचेच्या आत लावायचा की बाहेर? जमत असेल, तर बाहेर, छज्ज्याखाली. ऊन काचेतून एकदा आत शिरले, की आतला पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेरचा पडदा ऊन काचेपर्यंत पोहोचूच देत नाही. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून खोली गार करतात, कारण तिथल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते. पालघरच्या दमट हवेत ती युक्ती फारशी चालत नाही, इथे सावलीच कामाला येते. मे महिन्यात सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही संध्याकाळचे तिरपे ऊन येते. ती खिडकी विसरू नये. बाहेरचा पडदा पावसाळ्यापूर्वी मात्र उतरवून ठेवावा.

दिवसा चिकातून बाहेरचे दिसते आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही, कारण उजेड बाहेर जास्त असतो. रात्री दिवा लावला, की सारे उलट होते. 7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा त्यासाठीच्या यादीत मुंबई आणि उरणबरोबर तारापूरही पहिल्या श्रेणीत होते. अशा वेळी अंधार पाळायची वेळ आली, तर एकटा चिकाचा पडदा उपयोगाचा नाही. त्याच्या आत जाड, गडद कापड हवेच.

बसवताना वरची पट्टी खिडकीच्या कडेला समांतर धरू नका. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी काढा आणि त्या रेषेवर भोके पाडा. खिडकीवर सिमेंट काँक्रीटची लिंटेल असते, तिथे साधे ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागते. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू गंजतात, म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी स्टेनलेस स्टीलचेच घ्या. आणि पडद्याची दोरी कधीही मोकळी लोंबत ठेवू नका. लहान मुलांच्या गळ्याला तिचा फास बसू शकतो. जमिनीपासून किमान दीड मीटर उंचीवर हूक ठोका, दोरी त्यावर गुंडाळा आणि पलंग किंवा खुर्ची त्या खिडकीपासून दूर सरकवा.