मार एका क्षणाचा, दाह अनेक दिवसांचा

पाय मुरगळला की काय होते, ते तुम्हाला चांगलेच ठाऊक आहे. पडल्यापडल्या घोटा जवळजवळ नेहमीसारखाच दिसतो. तासाभरात तो फुगू लागतो, रात्री ठणकतो आणि दुसऱ्या दिवशी चप्पल पायात जात नाही. मार तर एकदाच बसला होता, मग दुखणे वाढले कशाने? शरीराने जखमेकडे धाडलेल्या मदतीने. या मदतीलाच दाह म्हणतात.

हेच डोक्यात किंवा पाठीच्या कण्यात घडले तर? घोट्याची कातडी ताणली जाते, सुजेला जागा मिळते. मेंदू मात्र कवटीत बंद असतो आणि मज्जारज्जू मणक्यांच्या अरुंद पोकळीत. तिथे सूज आली की दाब वाढतो, रक्तपुरवठा कमी होतो आणि धक्क्यातून वाचलेल्या पेशीही मरू लागतात. म्हणून डॉक्टर अशा इजेचे दोन भाग मानतात. पहिली इजा धक्क्याच्या क्षणी होते. ती कुणालाच मागे फिरवता येत नाही. दुसरी त्यानंतर अनेक तास, कधी अनेक दिवस चालू राहते. उपचारांची सगळी धडपड असते ती ही दुसरी इजा कमी करण्यासाठी.

पेशी एकमेकींना काय सांगतात?

पेशी फुटली की तिच्या आतले पदार्थ बाहेर सांडतात. त्यात एटीपी नावाचा रेणू असतो. पेशीच्या आत तो ऊर्जा पुरवतो, पण बाहेर भरपूर सापडला तर तो धोक्याचा निरोप ठरतो. हा निरोप मायक्रोग्लिया नावाच्या पेशी ओळखतात. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या या पहारेकरीच! स्पेनचे शास्त्रज्ञ पीओ देल रीओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवून दिली.

मायक्रोग्लिया काही मिनिटांतच आपल्या बारीक फांद्या जखमेकडे पसरतात आणि सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप सोडतात. ते मिळताच रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, द्रव बाहेर झिरपतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत येतात. यातल्या काही पेशींकडे जंतू मारण्याची तिखट रसायने असतात. मुक्या मारात जंतू नसतातच, त्यामुळे ही रसायने शेजारच्या निरोगी पेशींना भोवतात. त्यातच फुटलेल्या चेतापेशींतून ग्लुटामेट सांडते. एरवी ते पेशींमधला साधा निरोप्या असते, पण अति झाले की शेजारच्या पेशी इतक्या उत्तेजित होतात की त्यातच मरतात.

मग दाह बंदच का करू नये?

हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज स्टेरॉइडने उतरते, म्हणून डोक्याला मार लागलेल्यांनाही ती अनेक वर्षे दिली गेली. मग ‘क्रॅश’ नावाची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. २०,००० रुग्णांची योजना होती, पण १०,००८ रुग्णांनंतर ती थांबवावी लागली. २००४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले होते, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. तेव्हापासून डोक्याच्या दुखापतीत दाह कमी करण्यासाठी सरसकट स्टेरॉइड देणे थांबले.

दाहाला नुसता शत्रू मानून चालत नाही. मेलेल्या पेशींचा कचरा त्याच पांढऱ्या पेशी उचलतात आणि दुरुस्तीचे निरोपही याच गर्दीतून निघतात. म्हणून आजचे संशोधक दाह पुरता विझवण्याऐवजी कोणता निरोप कधी थोपवायचा आणि कोणता चालू ठेवायचा, हे शोधत आहेत.

तुमच्या हातात काय आहे?

निरोपांची ही साखळी तुम्हाला तोडता येणार नाही, पण तिच्यात भर न घालणे तुमच्या हातात आहे. अपघात दिसला तर ११२ किंवा १०८ वर फोन करा. आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर जखमीला हलवू नका. हातपाय धरून उचलून रिक्षात कोंबू नका; मान वाकली तर मज्जारज्जूला आणखी इजा होऊ शकते. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. उलटी झाली तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून अंग एकदमच कुशीवर वळवा. गुंगीत असलेल्याला पाणी पाजू नका. आणि पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

घरात कुणी पडले, डोके आपटले आणि ‘मला काही झाले नाही’ म्हणाले, तरी पहिले २४ तास त्यांना एकटे सोडू नका. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही न उतरणारी झोप, असंबद्ध बोलणे, फिट, लहानमोठ्या झालेल्या बाहुल्या, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, हातापायातली ताकद जाणे, यांपैकी एक जरी दिसले तरी सकाळ होण्याची वाट पाहू नका. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या आजीआजोबांना तर लक्षणे नसली तरी डॉक्टरांना दाखवा.

वरून टेंगूळही नसेल, पण आत निरोपांची धावपळ सुरू झालेली असू शकते. त्या रात्री त्यांच्या उशाशी कुणीतरी जागे असू द्या.