जमिनीखाली उन्हाळा काढणारी कळलावी

ध्रुवाजवळची आर्क्टिक पॉपी आठ-नऊ महिने बर्फाखाली गप्प राहते आणि छोट्या उन्हाळ्यात फुलते. पेण-रोह्यात बर्फ कुठला! इथे झाडाला छळतो तो नोव्हेंबर ते मे हा कोरडा काळ. कळलावी तो कंदाच्या रूपात जमिनीखाली काढते.

पहिल्या पावसात कोंब वर येतो. पानांच्या टोकांना आकडे असतात. त्यांनी कुंपण, करवंदीची जाळी, जे सापडेल ते धरत वेल चढते. पाकळ्या आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक. पेणच्या कारखान्यांतून गणपती घरोघर जातात, त्याच सुमारास हिचा बहर असतो. कोकणात गौरीपूजनात या फुलांना मान आहे, म्हणून त्यांना गौरीचे हातही म्हणतात.

कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. डोळा फक्त टोकाला असतो. टोक मोडले की कंद वाया. मेअखेरीस दोन-तीन इंच खोल, आडवा लावावा. माती निचऱ्याची हवी, नाहीतर कोकणच्या पावसात तो कुजणारच. आधाराला काठी किंवा जाळी द्यावी. ऑक्टोबरनंतर पाने पिवळी पडली की पाणी तोडावे. घाबरून पाणी घालत राहणारे लोकच ही वेल मारतात.

एक इशारा मात्र गंभीर आहे. साऱ्या झाडात, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे जहाल विष असते. गाऊटवरच्या औषधात तेच मोजून वापरतात, पण घरगुती प्रयोग जिवावर बेतू शकतो. कंद रताळ्यासारखा वाटतो, तेव्हा मुलांपासून आणि गुरांपासून दूर ठेवावा. हाताळताना हातमोजे घालावेत.