पापणी सांगते पोटातलं गुपित

दोस्तांनो, डॉक्टरकाका आपली खालची पापणी ओढून का पाहतात? अंगात रक्त पुरेसं आहे की नाही, ते कळावं म्हणून. हीच परीक्षा मेंढीलाही देता येते बरं का!

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा मेंढ्यांचा आणि संगमनेरी शेळ्यांचा. पाऊस पडून माळ हिरवे झाले की त्यांची चंगळच. पण त्याच ओल्या गवतावर एक चोर दबा धरून बसलेला असतो. त्याचं नाव हिमाँकस. हा जंत दोन-तीन सेंटिमीटर लांब. मादीचं रक्तानं भरलेलं लाल आतडं आणि पांढऱ्या अंडनलिका एकमेकींभोवती पीळ घालतात, म्हणून ती लाल-पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते.

मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात, आतड्याच्या अलीकडेच, हा बिऱ्हाड थाटतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण एक थेंब. एवढंच ना? थांबा. हजार जंत असले तर रोज ५० मिलिलिटर रक्त गेलं! ३० किलोच्या मेंढीत रक्तच असतं सुमारे दोन लिटर. मग पापणी पांढरीफटक पडते, जबड्याखाली पाणी साठून सूज येते. हगवण सहसा नसते, म्हणून दुखणं लवकर लक्षात येत नाही. कोकरू कळपाच्या मागे पडतं आणि एके दिवशी उठतच नाही. धनगराच्या घरात तो मोठा फटका असतो.

मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीवाटे बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की त्यांतून अळ्या निघतात, वाढतात आणि गवताच्या पात्यावर चढतात. मेंढीनं पातं खाल्लं की तीनेक आठवड्यांत नवा जंत तयार! दिवस प्रतिकूल असले, तर अळी पोटातच वाढ थांबवून वाट पाहते.

मग सगळ्या कळपाला सारखं औषध पाजत राहायचं? तिथेच चूक होते. औषधाला पुरून उरलेले जंतच पुढे वाढतात आणि एक दिवस औषध चालेनासं होतं. म्हणून दक्षिण आफ्रिकेत पापणीच्या रंगाचा तक्ता तयार झाला. त्यात लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच पायऱ्या आहेत. ज्यांची पापणी फिकी, त्यांनाच औषध. तेही पशुवैद्यांना विचारून.

जंगली प्राणीही जंतांपासून सुटलेले नाहीत. अंटार्क्टिकातल्या पेंग्विनच्या आतड्यातसुद्धा पट्टकृमी सापडतात. तिथे गवत कुठलं? पेंग्विनना जंत होतात ते समुद्रातल्या खाण्यातून. हिमाँकस तर काळविटांतही आढळला आहे. आपल्या कर्जत तालुक्यात १९८० पासून रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. मेंढी आणि काळवीट एकाच माळावर चरले, तर एकाचे जंत दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

मेंढीची पापणी धनगरकाका पाहतील. पण वाऱ्यासारख्या धावणाऱ्या काळविटाची पापणी कोण पाहणार? म्हणून अभयारण्याचं गवत त्याच्यासाठीच राहू द्यायचं.