डेलियाचे कंद घेताना आधी डोळा पाहा



उसाचे बेणे कसे पारखावे हे आम्ही या पानांवर पुष्कळदा लिहिले आहे. या खेपेला विषय थोडा वेगळा आहे. गटसभा आटोपून कोणाकडे चहाला टेकलो की घरातल्या माउल्या विचारतात, "साहेब, उसाचं राहू द्या. त्या डेलियाचं काय ते सांगा. रंगीत पिशवीतले कंद आणले, पाणी घालून घालून थकलो, वर काहीच येत नाही." तक्रार रास्त आहे. कंदाला मोजलेले पैसे थोडे नसतात, आणि हुकलेला हंगाम वर्षभर परत येत नाही.

आमचीही फसगत झालेली आहे, ती सांगून टाकतो. एका वर्षी कचेरीपुढच्या वाफ्यासाठी आम्ही एका फिरत्या विक्रेत्याकडून दोन डझन कंद घेतले. मोठमोठे, रताळ्यासारखे, एकेक निवडून. उगवले सात. दीड महिन्याने बाकीचे उकरले, तर निम्मे कंद घट्ट आणि जिवंत होते. त्यांना बारीक मुळ्यासुद्धा सुटल्या होत्या. कोंबाचा मात्र पत्ता नव्हता. आयुष्यभर लोकांना डोळा तपासायला सांगणारे आम्ही, आणि डोळा न बघता बेणे घेऊन बसलो!

याचे कारण समजून घ्यायला हवे. उसाच्या प्रत्येक कांडीवर डोळा असतो, म्हणून टिपरी कोठेही तोडली तरी चालते. आपल्या फुलंब्री-कन्नड भागात आले लावणारे पुष्कळ आहेत. त्यांना ठाऊक आहे की आल्याच्या कुडीवर जागोजागी डोळे असतात. बटाट्याचेही तसेच. याचे कारण आले आणि बटाटा ही जमिनीत वाढलेली खोडे आहेत. डेलियाचा कंद हे खोड नव्हे, ते फुगलेले मूळ आहे. त्याच्या अंगावर डोळा नसतोच. डोळे असतात ते जुन्या झाडाच्या बुडख्याशी, जेथे कंदाची बारीक मान खोडाला चिकटलेली असते तेथे. मान मोडली किंवा बुडख्याचा तुकडा बरोबर आला नाही, तर कंद कितीही मोठा असो, त्याला कोंब येणे नाही. रताळ्याला अंगावर कोठूनही धुमारे फुटतात, डेलियाला ती सोय नाही.

म्हणून कंद हाती घेतला की प्रथम मान पाहावी. बोटाने हलकेच हलवावी. लुळी पडत असेल तर आतून तुटली आहे असे समजावे, वरची साल तेवढी धरून असते. मानेच्या वरच्या टोकाला बुडख्याचा निदान नखाएवढा तुकडा असावा, आणि त्यावर बारीक फुगीर टिपका दिसावा. तोच डोळा. दिसत नसेल तर विक्रेत्याला कंद ओलसर वाळूत ठेवून डोळे फुगवून द्यायला सांगावे. आठ-पंधरा दिवसांत खरे-खोटे कळते. असे करायला तयार असणाऱ्याकडून चार पैसे जास्त देऊनही घ्यावे, असे आमचे मत आहे.

आकाराला भुलू नये. अंगठ्याएवढा घट्ट कंद डोळा असल्यास पुरेसा आहे. सुरकुतलेला थोडासा चालतो, पण दाबून मऊ लागणारा, आंबूस वास येणारा किंवा मानेशी काळा पडलेला कंद नको. पिशवीवरच्या चित्राला तर काहीच अर्थ नाही. ताटाएवढे फूल छापलेले असते आणि आत कोणती जात आहे ते देव जाणे. शक्य असेल तर थंडीत एखाद्या रोपवाटिकेत किंवा ओळखीच्या बागेत झाड फुलावर असताना पाहावे, पसंत पडलेल्या झाडाला चिठ्ठी बांधून घ्यावी आणि कंद निघाल्यावर त्याचेच मागावे. यात आणखी एक फायदा आहे. पाने पिवळट चट्ट्यांची, शिरांलगत फिकट आणि झाड खुजे असेल, तर तो विषाणूचा रोग असू शकतो. तो मावा किडीमार्फत पसरतो, कंदातून पुढच्या वर्षी येतो आणि त्यावर औषध नाही. उसातल्या गवताळ वाढीचे बेट आपण उपटून जाळतो, तोच न्याय येथे लावावा.

हे झाड मूळचे मेक्सिकोच्या थंड डोंगराळ मुलखातले. १७९१ साली माद्रिद येथील वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिलेस यांनी अँडर्स डाल या स्वीडिश गृहस्थाच्या नावावरून त्याला हे नाव दिले. युरोपात बटाट्यासारखे कंद खाण्याचाही प्रयोग झाला, पण कोणाला रुचला नाही. साखरेच्या माणसांना गंमत वाटेल, या कंदात पिठाऐवजी इन्युलिन असते, म्हणजे फळांतल्या साखरेचीच लांब साखळी. थंड मुलखाचे असल्याने आपल्याकडे ते हिवाळ्यातच फुलते. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लागण करावी. उन्हाळ्याच्या तोंडावर कोणी स्वस्तात देऊ लागला तर घेऊन लगेच लावू नये.

आपल्या काळ्या जमिनीत वाळू आणि पूर्ण कुजलेले प्रेसमड मिसळून वाफा उंच करावा. ताजे प्रेसमड गरम पडते, ते नको. कंद आडवा, तीन-चार इंच खोल ठेवावा. आधाराची काठी त्याच वेळी रोवावी, मागाहून रोवली तर नेमकी कंदातून जाते. पाण्याची घाई हेच दुसरे मोठे नुकसान. वाफा एकदा ओलवावा आणि कोंब दिसेपर्यंत माती नुसती दमट ठेवावी. उसासारखे पाटपाणी सोडले की कंद कुजलाच. युरियाही आवरता घ्यावा, नाहीतर पाला माजतो आणि कंद टिकाऊ होत नाहीत.

फुले संपून झाड वाळले की पाणी तोडावे. खोड वीतभर ठेवून कापावे व सगळा गड्डा कुदळीने लांबून उकरावा. खोडाला धरून उपटू नये, माना तेथेच मोडतात. गड्डा सावलीत सुकवून, न फोडता, कोरड्या वाळूच्या खोक्यात घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावा. रंगाची चिठ्ठी बांधायला विसरू नये. कंद सुटे करायचे ते सप्टेंबरात, डोळे फुगलेले दिसू लागल्यावर, धारदार सुरीने, प्रत्येकाबरोबर बुडख्याचा तुकडा राखून. ज्यांचे गड्डे गेल्या हंगामाचे शिल्लक आहेत त्यांनी एखादा गट कार्यालयात आणावा. कोठे कापायचे ते आम्ही समोर कापून दाखवू.