लख्ख पिस्टन

इंजिनचं हेड उचलून बाजूला ठेवलं की खाली पिस्टनचे माथे उघडे पडतात. तीन काजळीने काळेकुट्ट आणि चौथा चिंचेने घासलेल्या तांब्यासारखा लख्ख. गॅरेजात नव्याने आलेल्या पोराला वाटतं, हा एक तेवढा चांगला राहिला. उस्ताद नेमकं त्याच्यावरच बोट ठेवतो. त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत होतं, पाण्याची वाफ होत होती आणि त्या वाफेने काजळी धुऊन काढली. दुखणं तिथेच आहे.

जालना जिल्ह्यातलं जाफराबाद हे केळना आणि धामणा नद्यांच्या संगमावरचं, जुन्या किल्ल्याचं गाव. आसपास कापूस, सोयाबीन, मका. माल आणि माणसं वाहायला पिकअप, जीप, काळी-पिवळी. इथून भोकरदन, जालना, चिखली, देऊळगाव राजा अशा फेऱ्या चालतात. कुणाला बुलढाण्यापलीकडचा राजूर घाटही चढावा लागतो (गणपतीचं राजूर ते वेगळं, ते भोकरदन तालुक्यात). अशा गाड्यांचा वैद्य म्हणजे गावातला मिस्त्री. तो म्हणाला, “हेड उतरवावं लागंल, भाऊ,” की मालकाच्या पोटात गोळा येतो. खर्च तर आहेच, शिवाय धंद्याचे दिवस बुडतात.

हेड म्हणजे इंजिनचं झाकण, असं सांगून भागत नाही. व्हॉल्व्ह त्यातच बसतात, हवा त्यातूनच आत येते, धूर त्यातूनच बाहेर जातो आणि त्याच्या पोटातून पाण्याच्या व ऑइलच्या वाटा जातात. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट असतं. कुकरच्या रिंगला फक्त वाफ अडवायची असते. गॅस्केटला आग, पाणी आणि ऑइल ही तिन्ही एकमेकांपासून वेगळी ठेवावी लागतात, तेही डिझेल इंजिनात हवा साधारण १८ ते २२ पट दाबली जात असताना. त्यात बऱ्याच गाड्यांचं हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. इंजिन बेताने तापलं तर गॅस्केट ही ओढाताण सोसतं. बेफाम तापलं की हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं.

मग इंजिन तापतं कशाने? माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडची बरीच हेडं पाण्यापायी उतरतात. २०१२-१३ च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. नदी आटली की बोअर आणि टँकर. माणसांना जे पाणी मिळतं तेच रेडिएटरमध्ये जातं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापल्यावर नळ्यांच्या आत थर धरतात, जसे पाणी तापवायच्या बंबात धरतात. हा थर उष्णता अडवतो. साध्या पाण्याने बिडाला गंजही चढतो आणि तो गाळ अरुंद वाटांत जाऊन बसतो. त्यात मे महिन्याचं ऊन, घाटाची चढण आणि पाठीवर कापसाच्या गाठी. काटा वर जाणारच.

चांगला मिस्त्री लगेच पाना हातात घेत नाही. ऑइलची डिपस्टिक काढून बघतो. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर त्यात पाणी गेलंय. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. कॉम्प्रेशन गेजवर शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील, तर दोघांमधली गॅस्केटची पट्टी जळाल्याची शक्यता मोठी.

खोलताना घाई चालत नाही. इंजिन पूर्ण गार व्हायला हवं, कारण गरम हेडचे बोल्ट सोडले तर सरळ हेडही वाकतं. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे करत सैल करायचे. बसवताना उलट, मध्यापासून कडेकडे. खोलण्याआधी टायमिंगच्या खुणा जुळवून ठेवायच्या. पुठ्ठ्याला भोकं पाडून व्हॉल्व्ह आणि पुशरॉड नंबराने त्यात खोचायचे, म्हणजे जो जिथला तो तिथेच परत जाईल. हेड चिकटून बसलं असेल तर फटीत स्क्रूड्रायव्हर खुपसायचा नाही, लाकडी हातोड्याने ठोकून हलवायचं. एक ओरखडा पडला तरी पुढे तिथूनच पाणी झिरपतं.

मग तपासणी. हेडच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज सरकवून बघतात: चार कडा आणि दोन तिरक्या रेषा. अनेक लहान गाड्यांत ०.०५ मिलिमीटरहून जास्त वाक चालत नाही. डोक्याचा केस याहून जाड असतो. पुष्कळ तडे डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यासाठी हेडच्या पाणवाटा बंद करून आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. बुडबुडा जिथून निघेल तिथे तडा. हे काम आणि मशीनवरचं फेसिंग तालुक्याच्या गावात झालं नाही, तर हेड मोठ्या गावी पाठवावं लागतं. फेसिंगलाही मर्यादा आहे. धातू जास्त उतरवला तर दाब वाढतो, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर घटतं. हे अंतर नेमकं राखायलाच कित्येक डिझेल इंजिनांना वेगवेगळ्या जाडीची गॅस्केटं मिळतात आणि काठावरच्या खाचा किंवा भोकं मोजून ती ओळखायची असतात.

या सगळ्या कामात मला सर्वांत देखणं वाटतं ते व्हॉल्व्ह घासणं. व्हॉल्व्हच्या माथ्याला रबरी वाटीची काठी चिकटवायची, सीटवर कार्बोरंडमची पेस्ट लावायची आणि दोन तळव्यांत काठी फिरवत राहायची, ताक घुसळताना रवी फिरते तशी. मधूनच व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवायचा, पुन्हा घासायचं. आधी जाड पेस्ट, मग बारीक. कडेला सगळीकडे एकसारखी करडी रेघ उमटली की व्हॉल्व्ह बसला. शेवटी वर रॉकेल ओतून ठेवतात. खाली थेंब आला नाही तर काम पास.

बसवताना चूक होते ती बहुधा शेवटच्या तासात. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी राहिलं आणि बोल्ट आवळला, तर त्या दाबाने ब्लॉकच तडकू शकतो. आवळायचं टॉर्क रेंचने, टप्प्याटप्प्याने. हाताचा अंदाज कितीही पक्का असला तरी बारा-चौदा बोल्टांवर तो सारखा पडत नाही. नव्या इंजिनांचे बरेचसे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात, ते पुन्हा वापरायचे नसतात. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तिथल्या मुलांच्या हाती पहिल्या महिन्यापासून टॉर्क रेंच द्यायला हवा.

एका सवयीबद्दल बोललंच पाहिजे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायचा! त्याने इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त जळतं आणि तुंबलेला रेडिएटर तुंबलेलाच राहतो. रेडिएटर साफ न करता बसवलेलं हेड पुन्हा उतरतं.

तेव्हा गाडीवाल्यांनो, बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं घाला. जुनं कूलंट उघड्यावर सांडू नका, ते चवीला गोड आणि विषारी असतं, लेकरं-जनावरं तोंड लावतात. रेडिएटरच्या झाकणाचं रबर तपासा. सुमारे ०.९ किलोच्या दाबामुळे रेडिएटरमधलं पाणी १०० ऐवजी जवळजवळ १२० अंशांना उकळतं, आणि तो दाब हे झाकण धरून ठेवतं. काटा लाल खुणेकडे सरकला की गाव कितीही जवळ असो, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम झाकण उघडू नका, वरून गार पाणी ओतू नका. टोचन करून आणा. टोचनाचा खर्च हेडच्या कामापुढे काहीच नाही.