पहिल्या दिवसाचा चीक आणि वासराचे आतडे



गेल्या हंगामात पक्वता तपासणीसाठी एका सभासदाच्या आडसाली उसात गेलो होतो. रसाचा थेंब हँड रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला, ब्रिक्स 21 आला. ऊस चांगला, पण तात्यांचा चेहरा उतरलेला. विचारलं तेव्हा कळलं, आदल्याच दिवशी संकरित गाईची कालवड गेली होती.

"गाय रात्री नऊला व्याली साहेब. वार पडल्याशिवाय पाजायचं नसतं, म्हणून कालवड बाजूला बांधली. वार पडली पहाटे. मग खरवसाला चीक काढला आन् राहिलेला तिला पाजला. चौथ्या दिवशी पांढरं हगायला लागली. डॉक्टर आले, सुया झाल्या, पण आठव्या दिवशी गेली."

उसाच्या पानात वासराचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु आपल्या बहुतेक सभासदांच्या दावणीला दोन-तीन दुभती जनावरे आहेत. उसाचे बिल यायचे तेव्हा येते, घर चालते ते दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारावर. आणि तात्यांच्या हकिगतीत जे घडले ते फार गोठ्यांत घडते. चूक कोणाच्या आळसाची नव्हती. रीत होती तशीच पाळली गेली.

माझे बालपण पनवेल तालुक्यातले. भातखाचरे, पेंढ्याच्या उडव्या आणि दारात एक म्हैस. आज त्या भागात इमारती उभ्या राहिल्या, 2016 साली पनवेलची महानगरपालिकाही झाली. पण 1988-89 च्या सुमारास म्हैस व्याली की आळीत आनंद व्हायचा, कारण घरोघर खरवस जायचा. आई वेलदोडा घालून, गूळ किसून चीक उकडायची. पारडाच्या वाट्याला शेवटच्या चार धारा येत. एकाच म्हशीची लागोपाठ दोन पारडी गेली, तेव्हा घरात म्हणत, हिला पारडं लाभत नाही. कृषी पदविकेला गेल्यावर मला त्याचे कारण समजले. ते आज सांगतो.

माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी द्रव्ये, ज्यांना प्रतिपिंडे म्हणतात, ती आईच्या पोटात असतानाच वारेतून मिळतात. गाई-म्हशीच्या वारेची रचना वेगळी आहे. तिचे पडदे जास्त, त्यातून प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. म्हणजे वासरू जन्मते तेव्हा रोगाच्या बाबतीत अगदी उघडे असते. निसर्गाने त्याची सोय चिकात करून ठेवली आहे. पहिल्या धारेच्या चिकात ही द्रव्ये खच्चून भरलेली असतात. पुढच्या प्रत्येक धारेला ती झपाट्याने कमी होतात.

पण चीक पोटात गेला म्हणजे रक्तात गेला असे नव्हे. मध्ये आतड्याची भिंत आहे. या भिंतीचा आतला थर एकाच पेशीच्या जाडीचा असतो. एका बाजूला शेण, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मध्ये एवढाच पापुद्रा! पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, चुन्यात बसवलेल्या दगडांसारख्या. मोठ्या जनावरात या भिंतीतून अखंड प्रथिन पलीकडे जात नाही म्हटले तरी चालेल. पाचकरसाने त्याचे बारीक तुकडे झाले, की ते तुकडे पेशी उचलून घेते आणि पलीकडे रक्तात देते. साखरेचेही तसेच. जंतूंना मात्र मज्जाव.

नुकत्याच जन्मलेल्या वासरात हा नियम थोडा वेळ शिथिल असतो. त्याच्या आतड्याच्या पेशी प्रतिपिंडांचे मोठे कण आख्खेच्या आख्खे गिळतात आणि पलीकडे लसिकावाटे रक्तात सोडतात. त्या वेळी पोटातले आम्लही अजून तयार झालेले नसते, आणि चिकातच असे एक द्रव्य असते की ते पाचकरसाला रोखून धरते. त्यामुळे प्रतिपिंडे न मोडता आतड्यापर्यंत पोचतात. पण हा दरवाजा जन्मापासूनच मिटायला लागतो. पहिल्या दोन तासांत सर्वात चांगले शोषण होते, सहा तासांनंतर ते बरेच उतरते आणि सुमारे 24 तासांत दरवाजा बंद. मग वासराला बादलीभर चीक पाजला तरी त्यातले प्रतिपिंड रक्तात जात नाही. आतड्यातल्या आतड्यात त्याचा थोडा उपयोग होतो, एवढेच. कालव्याच्या पाण्याची पाळी चुकली तर पुढच्या पाळीची वाट तरी बघता येते. इथे पाळी एकच.

अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या दोघांनी 1922 साली हे पडताळून पाहिले. काही वासरांना चीक दिला, काहींना दिला नाही. न दिलेल्यांपैकी बहुतेक थोड्याच दिवसांत दगावली. शंभर वर्षे होऊन गेली या गोष्टीला, आणि आपण अजून वार पडायची वाट बघतो!

त्या समजुतीबद्दल स्पष्ट लिहितो. वार पडण्याचा आणि वासराने पिण्याचा आड काहीच संबंध नाही. उलट, वासरू ओढू लागले की गाईच्या शरीरात पान्हा सोडवणारे जे द्रव्य सुटते, तेच गर्भाशयालाही आकुंचन देते, म्हणजे वार पडायला मदतच होते. चिकाने वासरू हगते हीही अशीच समजूत. चीक थोडा सारक असतो आणि त्याने पोटातला पहिला काळा मळ निघून जातो, तो निघायलाच हवा. पांढरी हगवण ही वेगळी गोष्ट, ती जंतूंची.

आणि जंतूंसाठीसुद्धा तोच दरवाजा उघडा असतो, हे विसरू नये. शेणाने भरलेली कास चाटत, घाणीत तोंड घालत वासराने पहिले दोन तास काढले, तर चिकाआधी जंतू भिंतीला चिकटतात आणि काही पलीकडेही जातात. म्हणून व्यायची जागा कोरडी हवी, कास व सड कोमट पाण्याने धुवून पुसावेत, नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे आणि मग लगेच पाजावे.

किती पाजावे? वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा. तीस किलोच्या संकरित वासराला तीन लिटर, पंचवीस किलोच्या रेडकाला अडीच लिटर. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत, उरलेला बारा तासांच्या आत. वासरू स्वतः ओढत असेल तर उत्तम, पण किती प्यालं ते कळत नाही, म्हणून निपलच्या बाटलीने मोजून पाजलेले बरे. बांबूच्या नळकांड्याने घशात ओतू नये, फुप्फुसात जाऊन वासरू दगावते. ओढतच नसेल तर डॉक्टरांना बोलवावे. चीक उकळू नये. खरवस विरजणाशिवाय का थापतो? आचेने चिकातली हीच प्रथिने गोठतात म्हणून. खरवसाची वडी म्हणजे वासराची गोठलेली प्रतिपिंडे!

खरवस करूच नका असे मी म्हणणार नाही. मीच पहिला पाटावर बसेन. फक्त तो दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा करावा. थोडा मऊ होतो, चवीला काही कमी नाही. पहिल्या धारेचा चीक उरला तर स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. दुसरी गाय व्याली आणि तिला चीक नसला, तर तो बोटाला सोसेल इतक्या कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवावा व पाजावा.

हगवण लागलीच तर एक गोष्ट साखर कारखान्याच्या माणसाने सांगावी हे चमत्कारिक वाटेल, पण सांगतो. वासराला साखरेचे किंवा गुळाचे पाणी देऊ नका. उसाची साखर फोडणारा पाचकरस वासराच्या आतड्यात नसतो. ती साखर तशीच पुढे जाते आणि हगवण वाढवते. ग्लुकोज मात्र सरळ शोषले जाते, आणि भिंतीतून जाताना मिठाला बरोबर घेऊन जाते, मिठामागे पाणी जाते. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचवले. तेव्हा औषधाच्या दुकानातली ग्लुकोज असलेली क्षारांची पावडर आणावी, दूध पूर्ण तोडू नये आणि डॉक्टरांना उशीर न करता दाखवावे.

चीक कसदार व्हायला गाय विण्याआधी दोन महिने आटवावी. घटसर्प, लाळ्या-खुरकूत यांच्या लसी वेळेवर टोचलेल्या असल्या, की त्या रोगांची प्रतिपिंडे चिकात उतरतात. तोडणीच्या दिवसांत गाभण गाईला नुसत्या वाढ्यांवर ठेवू नये. वाढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवते. बरोबर कडबा, थोडा हिरवा द्विदल चारा आणि खनिज मिश्रण असू द्यावे.

आता शेवटची गोष्ट, जी मी तात्यांनाही सांगितली. चीक कसदार आहे की नाही हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. पिवळा, घट्ट चीकही हलका निघू शकतो. पण ज्या रिफ्रॅक्टोमीटरने आपण उसाचा ब्रिक्स बघतो, त्याच काचेवर चिकाचा थेंब टाकला तर तोही आकडा दाखवतो. गाईचा चीक 22 ब्रिक्स किंवा वर असेल तर चांगला समजावा. खाली असेल तर पहिल्या पाजण्यातच थोडा जास्त द्यावा, किंवा साठवलेला चांगला चीक वापरावा. ज्यांनी प्लॉटसाठी हे यंत्र घेतले आहे त्यांनी करून पाहावे. नसेल तर आमच्या गटाच्या कर्मचाऱ्याला हाक मारा, त्याच्या पिशवीत ते असतेच. मात्र तपासणीत वेळ जातो म्हणून पाजणे थांबवू नका, आधी वासरू, मग आकडा. आणि काच लगेच कोमट पाण्याने धुवून मऊ फडक्याने पुसा. चीक वाळला की निघत नाही, आणि दुसऱ्या दिवशी उसाचा ब्रिक्स चुकीचा दिसतो.