हिंटरलँड (मांडणशिल्प)

हिंटरलँड हे स्कॉटलंडमधील कार्ड्रॉस या गावाजवळच्या सेंट पीटर्स सेमिनरी या वास्तूच्या भग्नावशेषांत मार्च २०१६ मध्ये सादर झालेले ध्वनी व प्रकाश यांचे स्थलविशिष्ट मांडणशिल्प होय. जी कलाकृती एका विशिष्ट जागेसाठीच रचलेली असते आणि त्या जागेवाचून जिला अर्थ उरत नाही, तिला स्थलविशिष्ट म्हणतात. अँगस फार्कर यांच्या एनव्हीए या कलासंस्थेने हिंटरलँडची निर्मिती केली.

पार्श्वभूमी

कॅथलिक धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी बांधलेले हे निवासी विद्यालय १९६६ मध्ये पूर्ण झाले. गिलेस्पी, किड अँड कोया या संस्थेतील इझी मेट्झस्टीन व अँडी मॅकमिलन हे त्याचे वास्तुरचनाकार. ल कॉर्ब्युझिए यांच्या शैलीचा प्रभाव या काँक्रीटच्या इमारतीवर स्पष्ट दिसतो. मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर धर्मशिक्षणाची पद्धत बदलली, विद्यार्थी घटले, छप्परे गळू लागली आणि १९८० मध्ये विद्यालय बंद पडले. १९९२ मध्ये इमारतीला 'अ' वर्गाचे वारसा-संरक्षण मिळाले. तरीही पडझड व नासधूस थांबली नाही.

स्वरूप

१८ ते २७ मार्च या काळात रात्रीच्या वेळी हे मांडणशिल्प खुले होते. स्कॉटलंडच्या वास्तुकला महोत्सवाचा प्रारंभ त्यानेच झाला. प्रेक्षक अंधाऱ्या वनातून चालत अवशेषांपर्यंत येत. उघड्या पडलेल्या काँक्रीटवर प्रकाश व प्रक्षेपित प्रतिमा खेळत आणि प्रार्थनामंदिरात धूपपात्र झुलत असे.

ध्वनिरचना

रॉरी बॉयल यांनी रचलेले समूहगायन सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या सेंट सॅल्व्हेटर्स चॅपलमधील गायकवृंदाने गायिले होते. उघडे काँक्रीट ध्वनी फारसा शोषून घेत नाही, तो परावर्तित करते. त्यामुळे अशा जागी स्वर रेंगाळतात व एकमेकांत मिसळतात. येथे वास्तू ही केवळ रंगमंच नव्हती. जेथे एके काळी प्रार्थना होत, तेथे गाणारे कोणीही दिसत नसताना सामूहिक स्वर ऐकू येणे, हाच रचनेचा गाभा होता.

उत्तरकाल

अवशेषांचा काही भाग सावरून तेथे कलाकेंद्र उभारण्याच्या योजनेचे हे पहिले पाऊल होते. प्रवेशिका संपल्या, इमारतीकडे लोकांचे लक्षही वेधले गेले. परंतु २०१८ मध्ये क्रिएटिव्ह स्कॉटलंडने नियमित अनुदान नाकारल्यावर एनव्हीए संस्थाच बंद झाली व योजना बारगळली. २०२० मध्ये वास्तूची मालकी किलमाह्यू एज्युकेशन ट्रस्टकडे गेली. कलाकृतीमुळे भग्नवास्तूविषयी आस्था निर्माण होऊ शकते, मात्र तिच्या जतनासाठी सातत्याचे अर्थसाहाय्य लागते, हे या उदाहरणावरून दिसून येते.